कळवलं होतं

५ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार आधी, बातमी नंतर. खरं तर फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी "नोकरी लागली" म्हणाले, ते तू "गाडी लागली" असं ऐकलंस आणि मला लिंबू चोखायला सांगितलंस. म्हणून आता पत्र.

तर, मला नोकरी लागली. 'आवाजी मतदान' नावाची मालिका तू बघतेस की नाही माहीत नाही. राजकारणातल्या माणसांची गोष्ट आहे, आठवड्यातून पाच भाग. तिच्या लेखकांच्या खोलीत मी पाचवी. मुख्य लेखकांना सगळे मास्तर म्हणतात. भिंतीवर एक भला मोठा फळा आहे. त्यावर प्रत्येक पात्राच्या नावाखाली पुढच्या साठ भागांत त्याचं काय होणार ते चिकटवलेलं असतं. एकेका लेखकाकडे एकेक पात्र सोपवलेलं आहे. मंत्री एकाकडे, विरोधी नेता दुसऱ्याकडे, मंत्र्याची बायको तिसरीकडे, सरचिटणीस चौथ्याकडे. माझी पाळी आली तेव्हा मास्तर फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तू स्टेनो घे."

स्टेनो म्हणजे मंत्र्यांची लघुलेखिका. चाळीस भागांत तिनं तीनदा "हो साहेब" म्हटलं आहे. तिच्या नावाखाली फळ्यावर एकच चिठ्ठी आहे, "चहा आणते".

मी घरी येऊन थोडी रडले. मग एकदम तुझी आठवण झाली. तू सभागृहात बावीस वर्षं हेच काम केलंस, आणि मी तुला त्याबद्दल आजवर एक प्रश्न विचारलेला नाही. आता विचारते. लघुलेखिकेच्या आयुष्यात काय घडतं? काहीही सांग. बाबा म्हणतात, "तिला त्रास देऊ नकोस." ते असं का म्हणतात कोण जाणे.

तुझी,
टिटवी


१३ जानेवारी

टिटवे,

शाबास. तू लहानपणी एवढी बडबडायचीस, की हिचं पुढे काय होणार असं सगळ्यांना वाटायचं. मला वाटत नव्हतं.

तुझी मालिका मी बघते. खाली अक्षरं येतात, त्यामुळे मला चालते. आता खरं सांगू का, तुमची स्टेनो बघवत नाही. पहिली गोष्ट, लघुलेखिका चहा आणत नाही. तिला स्वतःचा चहा प्यायला वेळ नसतो. दुसरी गोष्ट, ती वही छातीशी धरून उभी राहते, जशी काही शाळेच्या नाटकात आहे. वही टेबलावर असते आणि डावा अंगठा पुढचं पान उलटायला आधीच खाली सरकवलेला असतो. पान उलटायला अर्धा क्षण लागला, तर तेवढ्यात माणूस तीन शब्द बोलून जातो.

सभागृहात आमचं टेबल सभापतींच्या आसनाखाली होतं. दोघींची जोडी. दहा मिनिटं एकीनं लिहायचं, मग दुसरीनं. पहिली उठायच्या मिनिटभर आधीच दुसरी येऊन बसायची आणि लिहायला लागायची, म्हणजे मध्ये एक शब्दही सांडायचा नाही. उठलेली बाई बाहेर जाऊन तेवढ्याची टंकलिखित प्रत करायची, खाली सही करायची आणि परत यायची. दिवसभर हेच. माझी जोडीदारीण माझ्यापेक्षा भराभर लिहायची, पण पेन्सिलीचं टोक मोडायची फार. तिच्या वाट्याच्या चार मी टोक करून ठेवायचे.

कोण कधी उठणार हे आम्हाला आधी कळायचं. बोलायला उठणारा माणूस त्याआधी श्वास घेतो, तो वरच्या बाकांना ऐकू येत नाही, खालच्या टेबलाला येतो. कोण खरं चिडलंय आणि कोण वर्तमानपत्रांसाठी चिडलंय, तेही कळायचं. खरं चिडलेला माणूस वाक्य पुरं करत नाही.

हे घे आणि वापर. बाकी माझ्या आयुष्यात गोष्ट वगैरे काही नाही. बावीस वर्षं ऐकलं आणि लिहिलं. मग हात दुखायला लागला म्हणून शेवटची नऊ वर्षं अभिलेखखान्यात, म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवतात त्या खोलीत, काढली. संपलं.

जेवणाच्या वेळा सांभाळ.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझी दहा मिनिटांची पाळी मी जशीच्या तशी उचलली. तो पानाखालचा अंगठा, ते श्वास ऐकणं, सगळं. मास्तरांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या आत्यानं." ते म्हणाले, "आत्याला माझा नमस्कार सांग." तो या पत्रातून पोचता करते.

स्टेनोचं काम करणाऱ्या बाई मूळच्या रंगभूमीवरच्या. इतके दिवस त्यांना मागे उभं राहायला बोलवत होते. नवा प्रवेश हातात पडल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि अंगठा नेमका कसा ठेवायचा ते विचारलं. चित्रीकरणात त्यांनी नजर वर न करता असं लिहिलं, की कॅमेरा मंत्र्याला सोडून त्यांच्याकडेच गेला. लोकांना ती फार आवडली. फळ्याच्या कोपऱ्यातून तिचं नाव मध्यावर आलं आहे.

आणि इथेच घोडं अडलंय. वाहिनीच्या बाईंचं म्हणणं असं, की आता स्टेनोला मोठं कथानक हवं. त्यांची कल्पना अशी, की ती विरोधी नेत्याच्या प्रेमात पडते आणि वहीतल्या गुप्त गोष्टी त्याला पुरवते. मास्तरांनाही ते वावगं वाटत नाही. म्हणाले, "दुसरं काही चांगलं सुचत असेल तर घेऊन ये. पण नुसतं प्रामाणिक पात्र चालत नाही, त्याच्या प्रामाणिकपणाला काहीतरी धक्का बसावा लागतो."

म्हणून विचारते. तुला कधी कुणी लिहिलेलं बदलायला सांगितलं होतं का? असं कुणी सांगितलंच तर लघुलेखिका काय करते? लवकर लिही, पुढच्या महिन्यात ठरवायचं आहे.

टिटवी


२७ फेब्रुवारी

टिटवे,

असं काही होत नाही. भाषणातलं व्याकरण आम्ही सुधारायचो, तेवढंच. तुझ्या स्टेनोची बदली दुसऱ्या गावाला कर आणि मोकळी हो. किंवा लग्न लावून दे. ते प्रेमाचं प्रकरण नको आणि हे दुसरंही नको.

मास्तरांना उलट नमस्कार. माझी तब्येत बरी आहे.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र वाचून तू रागावशील. तरी शेवटपर्यंत वाच.

तुझं चार ओळींचं उत्तर आलं तेव्हा मला वाटलं, तुझ्या हातून कधी काही चूक झाली असेल आणि तो विषय तुला नको असेल. कारण आपल्या घरात मी लहानपणापासून तेच ऐकत आले. तू अभिलेखखान्यात का गेलीस असं कुणी विचारलं, की बाबा हळूच म्हणायचे, "तिच्या हातून लिहिण्यात चूक झाली होती. जाऊ दे." आणि तू मला लिहितेस, हात दुखत होता. दोन्ही खरं कसं असेल?

मग मी तुझ्या जोडीदारणीकडे, म्हणजे मावशींकडे, गेले. लघुलेखन शिकवायला कुणी हवं होतं, हे खरंच कारण होतं. मावशींनी मला रेषा-टिंबं दाखवली. 'होतं' कसं लिहायचं, 'नव्हतं' कसं लिहायचं तेही दाखवलं. मी म्हटलं, "या दोघांत फरक केवढासा आहे." त्यांची पेन्सिल थांबली. मग म्हणाल्या, "तुझ्या आत्यानं तुला काहीच सांगितलेलं नाही का?"

त्यांनी मला सगळं सांगितलं, आत्या. बोगद्याचं, त्या अकरा माणसांचं, मंत्री काय बोलले आणि दुसऱ्या दिवशी काय मागायला लागले, ते. आणि सभापतींच्या दालनात त्या स्वतः काय म्हणाल्या तेही. ते सांगताना त्यांनी एकदाही माझी नजर टाळली नाही. शेवटी म्हणाल्या, "तिनं हे कुणाला सांगितलं नाही ते माझ्यामुळे. सांगायला गेली असती तर माझं नाव आलं असतं."

मी तिथून निघाले ती दोन थांबे चालत गेले, बसमध्ये बसवेना. चूक केलेली बाई म्हणून आम्ही तुझ्याशी इतकी वर्षं जरा जपून वागलो. तुझ्यासमोर नोकरीचा विषय काढायचा नाही, असा घरात नियमच होता.

मला ही गोष्ट लिहायची आहे. पण तू नाही म्हणालीस तर एक अक्षर लिहिणार नाही. मात्र जे झालं ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

टिटवी


११ एप्रिल

टिटवे,

रागावले. दोन दिवस तुझं पत्र फळीवर पालथं घालून ठेवलं होतं. तिचे जिने चढायला तुला कुणी सांगितलं होतं? तिचे गुडघे दुखतात, ती तुझ्यासाठी उठून चहा करत बसली असेल.

पण तिनंच सांगितलं म्हणतेस, तर आता माझ्या गप्प बसण्याला अर्थ नाही. नीट ऐक.

बोगद्याचं छत कोसळून अकरा कामगार मेले होते. सभागृहात त्यावर चर्चा चालली होती. विरोधी बाकांवरून एकजण सारखा टोचत होता आणि बांधकाममंत्री चिडले. खरे चिडले. त्या भरात म्हणाले, "छत कच्चं आहे हे मला आधी कळवलं होतं, पण म्हणून काय काम थांबवायचं—" आणि वाक्य तोडलं. गोंधळ एवढा, की वरच्या बाकांवर कुणाला काही कळलं नाही. त्या काळी सभागृहात ध्वनिमुद्रण नव्हतं. माझी पाळी संपत आली होती, ती शेजारी येऊन बसली होती, तिचीही पेन्सिल चालू होती. मी बाहेर गेले, प्रत केली, सही केली.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या सचिवांनी बोलावलं. म्हणाले, "बाई, मंत्री 'कळवलं नव्हतं' असं म्हणाले."

मी म्हटलं, "वहीत 'होतं' आहे."

"परत एकदा बघा."

"बघितलं. 'होतं' आहे."

"एवढ्या आवाजात चूक होऊ शकते. तुमच्यावर कुणी ठपका ठेवणार नाही."

मी म्हटलं, सभागृहात बोललेला शब्द काढायचा तर सभापतींनी आसनावरून तसं सांगावं लागतं. ते सांगतील तर मी काढीन, आणि काढला असं लिहीन. तेव्हा आम्हाला सगळ्यांना सभापतींच्या दालनात नेलं. मंत्री तिथे बसलेले होते. सभापती मला म्हणाले, "वाचा." मी नुसतं तेवढं एक वाक्य वाचलं नाही. माझी सगळी दहा मिनिटं पहिल्या शब्दापासून वाचली. ते वाक्य आलं तेव्हा आवाज चढवला नाही की उतरवला नाही. वाचताना वही मांडीवर ठेवली होती, डावा अंगठा पुढच्या पानाखाली.

मग सभापतींनी तिला विचारलं, "तुम्ही?" ती म्हणाली, "मी नुकतीच बसले होते. मला नीट ऐकू आलं नाही."

टिटवे, तिचा नवरा तेव्हा दीड वर्ष अंथरुणावर होता आणि घरात दोन लहान मुलं होती. माझ्यामागे कुणी नव्हतं. मला जे परवडत होतं ते तिला परवडत नव्हतं, एवढाच फरक. माझ्यावर तशी वेळ असती तर मी काय म्हटलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सभापतींनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाले, "एकीनं ऐकलं आहे आणि एकीनं ऐकलेलं नाही. न ऐकलेल्याचं मी काय छापू? ऐकलेलं छापा."

तसं ते छापलं गेलं. मंत्री मंत्रीच राहिले. तीन महिन्यांनी सभापती बदलले आणि माझ्या सेवापुस्तकात शेरा आला, 'लेखनात अचूकता नाही'. मला तळघरातल्या अभिलेखखान्यात पाठवलं. तुझ्या बाबानं तो शेरा वाचला होता. मी त्याला काहीच सांगितलं नाही, मग त्यानं दुसरं काय समजायचं?

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी तळघरात आली, समोर स्टूल ओढून बसली आणि डबा उघडला. त्यानंतर आम्ही रोज एकत्र जेवलो. त्या दिवसाबद्दल ना ती बोलली, ना मी.

तळघरात कागदांचे ढीग होते, कशाचा कशाला मेळ नव्हता. मी नऊ वर्षांत त्या सगळ्याची सूची केली. चार वर्षं झाली असतील, तेव्हा बोगद्याची चौकशी बसली आणि त्या दिवसाचं कार्यवृत्त मागायला माणूस आला. म्हणाला, "सापडायला किती दिवस लागतील?" मी उठले, तिसऱ्या रांगेतून बांधलेला खंड काढला आणि त्याच्या हातात दिला. चहा निवायच्या आत. चौकशीच्या अहवालात ते वाक्य जसंच्या तसं आहे. त्याखाली लिहिलं आहे, की अकरा माणसांचा मृत्यू हा अपघात मानता येत नाही. तो अहवाल मी तळघरात उभी राहून वाचला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. कुणाला सांगितलं नाही, पण घरी जाताना नेहमीपेक्षा जरा ताठ चालले.

आता तुझी गोष्ट. लिही. पण स्टेनोला भाषण देऊ नकोस, तिला बोलायची सवय नाही. मंत्र्याला लगेच खाली खेचू नकोस, तसं होत नाही. आणि जोडीदारणीला वाईट केलंस तर मी तुझी मालिका बंद करीन. म्हणजे माझ्या घरातली.

आत्या


६ जून

प्रिय आत्या,

ठरलं, लिहिलं, आणि चित्रीकरणही झालं. आता नीट सांगते.

मी दहा पानं वाचून दाखवली. वाहिनीच्या बाई म्हणाल्या, चांगलं आहे, पण प्रेक्षकांना समाधान हवं. मंत्र्यानं तिथेच राजीनामा द्यावा, स्टेनोनं रडून दोन शब्द सुनवावेत. आणि जोडीदारीण मंत्र्याची फितूर निघाली तर सोन्याहून पिवळं. मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, "या खोलीत तुला किती महिने झाले?" मी म्हटलं, "पाच. पण हे असंच जाईल, नाहीतर माझं नाव काढा आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या." हे मी बोलले, यावर माझाच विश्वास बसेना. तुझ्याकडे निदान वही होती, माझ्याकडे तीही नव्हती.

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "मी तीस वर्षं मंत्री पाडतोय. कधी गोळीनं, कधी बायकोच्या साक्षीनं, एकदा तर हेलिकॉप्टरनं. एका शब्दासाठी बसून राहिलेली बाई मी अजून लिहिली नाही. ही मुलगी लिहितेय तर लिहू दे." मग त्यांनी 'चहा आणते' ची चिठ्ठी काढली आणि तिथे स्वतःच्या हातानं लिहिलं, 'वाचून दाखवते'.

दालनातला प्रवेश पाच मिनिटांचा आहे. संगीत नाही. बाई सगळं सपाट आवाजात वाचतात. चित्रीकरण संपल्यावर दिव्यांवरची माणसंसुद्धा जागची हलली नाहीत. जोडीदारणीचा अंथरुणावरचा नवरा आणि मुलं आम्ही आधीच्या तीन भागांत दाखवली आहेत, त्यामुळे ती "ऐकू आलं नाही" म्हणते तेव्हा तिचा राग येत नाही. अठरा तारखेला लागेल.

आणखी एक. तुझं पत्र मी बाबांना दिलं. तुला न विचारता दिलं, त्याबद्दल हवं ते बोल. ते सकाळभर गच्चीत बसून होते. सोबत त्यांची चिठ्ठी आहे. मी ती वाचलेली नाही.

टिटवी

(सोबतची चिठ्ठी)

ताई,

तुझा शेरा मी पाहिला, पण तुला विचारलं नाही. विचारलं तर तुला वाईट वाटेल असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. लोक विचारायचे, तुमची बहीण काय करते, तेव्हा मी "सरकारी नोकरीत आहे" म्हणून विषय बदलायचो. इतकी वर्षं मी घरात सांगत आलो, की तुझ्या हातून चूक झाली. चूक माझ्या हातून झाली.

अठरा तारखेला तुझ्याकडे येऊ का? चालणार नसेल तर तसं कळव.

तुझा धाकटा


२४ जून

टिटवे,

त्याला मी पत्र पाठवलं नाही, तार केल्यासारखं एका ओळीचं कार्ड पाठवलं, "ये". तो सतरालाच आला. आल्यावर दोन तास माझ्या नळाची गळती दुरुस्त करत बसला. आमच्या घरातली माणसं अशीच आहेत, माफी मागायची तर हातात पाना लागतो.

अठराला माझी जोडीदारीणही आली, जिने उतरून, बस बदलून. आम्ही तिघं एका सोफ्यावर बसलो. तुझी स्टेनो वाचायला लागली तेव्हा मी खालची अक्षरं बघत नव्हते. गरज नव्हती. त्या बाईंनी अंगठा अगदी बरोबर ठेवला होता.

जोडीदारणीचं वाक्य आलं आणि ही उठली, टीव्हीचा आवाज बंद केला, आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय?" ती परत बोलली. मी म्हटलं, "अगं, मोठ्यानं बोल." तेव्हा ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मला ऐकू आलं होतं. तेव्हा सगळं ऐकू आलं होतं." मी म्हटलं, "मला माहीत आहे." ती म्हणाली, "माहीत आहे हे मला माहीत होतं. पण म्हणायचं राहिलं होतं." मग ती बसली, आम्ही आवाज चालू केला आणि उरलेला भाग बघितला. तुझ्या बाबाचा रुमाल आम्ही तिघांनी वापरला.

तू चांगलं लिहिलंस, टिटवे. मी बावीस वर्षं मोठमोठ्या माणसांची वाक्यं ऐकली आहेत, त्यामुळे हे मी उगाच म्हणणार नाही. मंत्र्याला जागेवर ठेवलंस, बाईला तळघरात पाठवलंस आणि तरी बघणारा मान ताठ करून उठतो. हे साधणं सोपं नाही. आणि त्या खोलीत एवढ्या जणांसमोर तू "असंच जाईल" म्हणालीस, ते मला प्रवेशापेक्षाही जास्त आवडलं. तो प्रवेश माझ्या बाबतीत घडलेला होता, हा तू घडवलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा बाबा आणि मी भाजी आणायला निघालो. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई होत्या. त्यांनी ओळख विचारली. तुझा बाबा म्हणाला, "ही माझी मोठी बहीण. सभागृहात लघुलेखिका होती." त्या म्हणाल्या, "अगबाई, म्हणजे त्या 'आवाजी मतदान'मधल्या बाईंसारख्या?"

"नाही," तुझा बाबा म्हणाला. "त्या बाई हिच्यासारख्या."

तुझी,
आत्या